भुसा + फॉइल वापरून घरी भांडी भाजणं : काळा रंग एकसारखा येत नाही, मदत हवी आहे

मंडळी, मातीकामातल्या जाणकारांना एक विचारायचं आहे. ज्यांच्या घरी आवा (कुंभाराची भट्टी) लागतो असं कुणी इथे असेल तर फारच उत्तम.

हौस म्हणून मातीची छोटी भांडी करते. चाक नाही, सगळं हातानेच, वळ्या रचून. तांबडी माती, त्यात चाळलेली बारीक वाळू. भांडं निम्मंअर्धं सुकलं की नदीतल्या गोट्याने घोटते. (चमच्याची पाठ वापरून पाहिली, गोट्याची सर नाही.) पुण्यातल्या एका स्टुडिओत ही भांडी इलेक्ट्रिक भट्टीत 950 अंशांना भाजून मिळतात. इथवर तक्रार काही नाही.

मला हवाय धुराचा रंग. काळा, करडा, मध्येच तांबूस ढग. त्यासाठी भाजलेल्या भांड्याभोवती लाकडाचा भुसा, थोडं खडे मीठ, चिमूटभर मोरचूद आणि वाळलेली केळीची साल लावते आणि पोळ्या बांधायच्या फॉइलमध्ये दोन-तीन थर देऊन घट्ट गुंडाळते. सासवडला घरामागे मोकळं अंगण आहे. तिथे तेलाच्या 15 किलोच्या डब्याला बाजूने भोकं पाडून घेतली आहेत. तळाला कोळसे, वर गोवऱ्या, मध्ये ही पुडकी, पुन्हा गोवऱ्या.

होतं काय, की भांड्याची एक बाजू गडद काळी येते आणि दुसरी नुसती मळकट. परवाच्या वाटीचा काठ सुरेख काळा झालाय, पण पोटावर तळहाताएवढा डाग परत विटकरी. बरोबर त्याच जागी फॉइलचा चुरा झाला होता, आणि तिथे चंदेरी खडबडीत ठिपके चिकटून बसलेत. नखाने निघत नाहीत.

तर प्रश्न असे: फॉइल जाड घ्यावी का? भुसा कुठला? आणि स्टुडिओचं भाजणं वगळून कच्चं भांडंच असं भुशात गुंडाळून भाजलं तर चालेल का? एका व्हिडिओत तर हे सगळं ओटीजीमध्ये (घरातल्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) करा म्हणून सांगितलंय. ते खरंच होतं का?

---

प्रतिसाद :

ओटीजीचं आधी. अजिबात करू नका. ओटीजी जेमतेम 250 अंशांपर्यंत जातो. मातीतलं शेवटचं, रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी निघून ती पक्की व्हायला लागते साधारण 450 ते 600 च्या दरम्यान. म्हणजे भांडं कच्चंच राहणार, पाण्यात टाकलं की विरघळणार, आणि भुसा करपून स्वयंपाकघर धुराने भरणार ते वेगळंच.

कच्च्या भांड्याचंही उत्तर त्यातच आहे. अॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. फॉइल शाबूत राहील इतपतच आच ठेवली तर माती ठिसूळ राहते, आणि माती चांगली भाजेल इतकी आच दिली तर फॉइल जाते. तुमचे चंदेरी ठिपके म्हणजे वितळलेली फॉइलच. पॉलिश पेपरने घासून जातील, पण घोटाईसकट. तेव्हा स्टुडिओचं भाजणं सोडू नका. 950 योग्य आहे. त्याहून फार वर नेलं की घोटलेली चकाकी मरते आणि भांडं धूरही कमी पितं.

---

प्रतिसाद :

ताई, आमचं घर कुंभाराचं. फॉइल आम्ही कधी वापरली नाही, पण धुराचं गणित तेच. भांडं काळं होतं ते कोंडलेल्या धुराने. वारा शिरला की तापलेल्या भांड्यावरचा काळा रंग जळून जातो आणि खालची तांबडी माती परत दिसते. तुमच्या वाटीचा डाग तोच.

आझमगढ जिल्ह्यातल्या निजामाबादची काळी भांडी पाहिली असतील. तिथेही आवा बंद करून भाताच्या तुसाचा धूर कोंडतात. आपल्याकडे नागपूरजवळ माहुरझरी, नायकुंडच्या महापाषाणी (मोठे दगड रचून केलेल्या प्राचीन) थडग्यांत आतून काळी आणि बाहेरून तांबडी अशी भांडी निघाली आहेत. भांडं पालथं घालून भाजलं की आत धूर कोंडतो, बाहेर हवा खेळते, आणि एकाच भाजणीत दोन रंग मिळतात, असं जाणकार सांगतात. तुम्हाला ढग हवेत ना, मग हे करून बघा. वाटी भुशाने गच्च भरून पालथी घाला आणि मग गुंडाळा.

डब्याची भोकं निम्मी बुजवा. कोळसा तळाला नकोच, त्याची आच एकाच जागी लागते. आणि आग मंद वाटली म्हणून पंखा किंवा ड्रायर मारू नका, फॉइल तिथेच संपते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुडकं पूर्ण गार होईपर्यंत उघडायचं नाही. रात्री लावलं तर सकाळीच बघायचं. गरम उघडलं तर रंग जातो आणि भांडं तडकतंही.

---

धागाकर्ती :

खूप आभार! गरम असतानाच चिमट्याने काढून बघायची सवय आहे खरी. पालथ्या वाटीचं तर डोक्यातच आलं नव्हतं. मग फॉइल जाड घेण्यात अर्थ आहे की नाही?

---

प्रतिसाद :

थोडाफार आहे. केटरिंगवाले वापरतात ती जाड फॉइल जरा जास्त तग धरते. पण थर वाढवण्यापेक्षा फॉइल भांड्याला चिकटू देऊ नका, मध्ये सगळीकडे बोटभर भुसा हवा. ठिपके येतात ते फॉइल थेट टेकते तिथेच.

आणि काळाच रंग हवा असेल तर फॉइल लागतच नाही! आजीच्या वेळची भुशाची शेगडी आठवते का कुणाला? मध्ये बाटली उभी करून भोवती भुसा ठासायचा, मग बाटली अलगद काढायची, तासन्‌तास धुमसायची. तसाच डब्यात भुसा ठासा, भांडी त्यात पुरा, वरून पेटवा. ज्वाला धरल्या की झाकण ठेवा आणि खाली खाली धुमसत जाऊ द्या. बारीक भुसा सावकाश जळतो आणि काळा रंग दाट देतो, जाडा भरभर जळतो. फॉइल ठेवा मीठ-मोरचुदाच्या रंगीत भांड्यांपुरती.

मोरचुदाबद्दल एक. ते विषारी आहे आणि तापल्यावर निघणारा धूर घशाला झोंबतो. हातमोजे घाला, वारा तुमच्या पाठीमागून येईल अशा उभ्या राहा, लहान मुलं आणि कुत्री-मांजरं लांब. त्यातली कुठलीही वाटी खाण्यापिण्याला वापरायची नाही, शोभेलाच. गार झाल्यावर धुऊन, सुकवून मेण चोळलंत तर काळा रंग खुलतो.

---

धागाकर्ती :

मेण आहे घरात. येत्या रविवारी एक डबा नुसत्या भुशाचा लावते आणि दुसऱ्यात पालथी वाटी. सासवडच्या वखारीत भुसा विचारते.

---

प्रतिसाद :

वखारीतून आणताना तो प्लायवुड किंवा एमडीएफचा नाही ना, ते नक्की विचारून घ्या. त्यातल्या डिंकाचा धूर फार वाईट. सागाचा किंवा आंब्याचा मिळाला तर बघा, आणि आणल्यावर दोन दिवस कडक उन्हात पसरा.