बुसानची आतषबाजी: टेकडी की किनारा?
दक्षिण कोरियातील बुसान शहराचा आतषबाजी महोत्सव ग्वांगल्लीच्या किनाऱ्यावर चेंगरत पाहण्यापेक्षा ह्वांगन्योंगसान टेकडीवरून पाहावा, असा सल्ला दिला जातो, पण तो मला निम्माच पटतो. टेकडीवरून आकाशातले फुलोरे छान दिसतात. परंतु २००५ साली एपेक (आशिया-पॅसिफिक आर्थिक सहकार्य) शिखर परिषदेच्या निमित्ताने सुरू झालेल्या या सोहळ्याचा सारा जीव समुद्रात उभ्या असलेल्या दुमजली ग्वांगान पुलात आहे, आणि त्या पुलावरून थेट पाण्याकडे ठिणग्यांचा जो सलग पडदा कोसळतो, तो लाटांवरच्या प्रतिबिंबासह पाहायचा तर किनाराच हवा. शिवाय आवाजाला एक किलोमीटर कापायला सुमारे तीन सेकंद लागत असल्याने, जितके दूर जावे तितका बार आणि उजेड यांचा मेळ विसकटतो. वारा किनाऱ्याकडे वाहत असला, तर मात्र धुराने निम्मी मजा जाते, हे मान्य.

गर्दीची भीती अनाठायी नाही. राजधानी सोलमधील इतेवॉन भागात झालेल्या चेंगराचेंगरीनंतर २०२२ चा महोत्सव नोव्हेंबरमधून डिसेंबरमध्ये ढकलावा लागला होता. म्हणूनच, लहान मुले सोबत असल्यास टेकडी बरी. अन्यथा दुपारीच किनारा गाठावा आणि परतताना मेट्रोसाठी घाई करू नये.