समुद्रकाठच्या मोठ्या शहरातून एका दिवसाचे ट्रेक कसे निवडता?

नवी_पायवाट
नमस्कार मंडळी, नोकरीमुळे समुद्रकाठच्या एका मोठ्या शहरात राहायला आलोय आणि आता रविवार घरात काढायचा नाही असं ठरवलंय. सकाळी निघून रात्री घरी, एवढंच जमणार. ॲपवर शोधायला बसलं की यादी संपतच नाही, सगळ्याच ट्रेकना साडेचार स्टार आणि सगळ्यांचेच फोटो भारी. बरोबर बायको आणि अकरा वर्षांची मुलगी असते, दोघी बऱ्यापैकी चालतात पण उभा चढ आला की मुलगी वैतागते. वर पोचल्यावर आलो ते बरं झालं असं वाटायला हवं, बाकी काही अट नाही. तुम्ही नक्की काय बघून ठरवता?

कड्यावरचा
दादा, नुसतं अंतर बघून काहीच कळत नाही, एकूण चढाई किती ते आधी बघा. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक साधा हिशोब दिला होता तो अजून चालतो, 5 किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाईला वर एक तास. म्हणजे 10 किलोमीटर आणि 600 मीटर चढ असेल तर तीन तास, पण हे दमदार माणसाचं न थांबता चालणं झालं, मुलगी बरोबर आहे तर दीडपट धरा आणि जेवणाचा, फोटोंचा वेळ वेगळा.

आणि किनाऱ्याच्या कड्यावरून जाणाऱ्या वाटांना हलकं घेऊ नका हां. नकाशावर सगळ्यात उंच जागा शंभर-सव्वाशे मीटर दिसते, माणूस म्हणतो हे तर फिरायला गेल्यासारखं आहे. पण समुद्राला मिळणारा प्रत्येक ओढा कडा चिरून खाली गेलेला असतो, तिथे पार पाण्यापर्यंत उतरायचं आणि पलीकडे तेवढंच परत चढायचं, असं पाच-सहा वेळा झालं की डोंगर चढल्याइतकी चढाई होऊन जाते. ॲपमध्ये खाली उंचीचा आलेख असतो तो उघडून बघा, करवतीच्या दातांसारखा दिसला तर मुलीसाठी ती वाट नको. एकच लांब हळूहळू चढणारा उतार असला तर खुशाल जा.

लांबचं_दिसतं
कड्यावरचा म्हणतायत ते पटलं, पण प्रश्न देखाव्याचा होता ना, तर मी सांगते. फोटो कितीही सुंदर असो, तुम्ही वर किती वाजता असणार ते बघा. समुद्र पश्चिमेला असेल तर सकाळी ऊन तुमच्या पाठीशी असतं, पाण्याचा रंग, खडक, लांबची बेटं सगळं लख्ख दिसतं. तीच जागा दुपारी तीनला गाठली तर ऊन थेट डोळ्यांत आणि समोर नुसती चमचम. समुद्र पूर्वेला असेल तर बरोबर उलटं.

दुसरं म्हणजे हवा. दिवसा जमीन तापली की समुद्राकडून खारे वारे सुटतात आणि शहराचा धूर घेऊन आतल्या डोंगरांकडे जातात, त्यामुळे आतल्या बाजूचा माथा दुपारनंतर बऱ्याचदा धुरकट होतो. म्हणून तिकडे जायचं तर भल्या पहाटे निघायचं. पाऊस पडून गेल्यावर हवा धुतलेली असते, तो दिवस मिळाला तर मी बाकी सगळी कामं सोडून निघते.

उंचीचं म्हणाल तर फार हव्यासाची गरज नाही. हवा स्वच्छ असेल तर 100 मीटरवरून क्षितिज साधारण 36 किलोमीटरवर असतं, 400 मीटरवरून 71. चौपट चढून दुप्पटच लांब दिसतं, तेव्हा मुलीला घेऊन बुटकी टेकडीच बरी.

भरतीओहोटी
किनाऱ्याच्या खालून, म्हणजे वाळूतून किंवा खडकांवरून वाट असेल तर भरतीची वेळ बघितल्याशिवाय पाऊल टाकू नका, हे मी कळकळीने सांगतोय. बऱ्याच किनाऱ्यांवर दोन भरतींमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं असतात, म्हणजे वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, गेल्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त वर येतं. आणि पाणी एकसारखं चढत नाही, पहिल्या तासात फारसं जाणवत नाही आणि मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी येतं, लोक तिथेच अडकतात. ओहोटी लागलेली असताना निघा, पाणी वळायच्या आत अवघड टप्पा पार झाला पाहिजे. मागे कडा आणि वर जायला वाट नाही अशी जागा असेल तर लहान मुलं बरोबर असताना मी जातच नाही.

नवी_पायवाट
केवढं सांगितलंत, मनापासून आभार! अजून एकच, इथे सकाळी धुकं फार असतं, मग पहाटे निघून उपयोग काय?

लांबचं_दिसतं
समुद्राचं पाणी थंड असेल तर ते धुकं बहुतेक वेळा खालच्या थरातच असतं, वर ऊन असू शकतं आणि खाली पांढरा समुद्र पसरलेला, ते तर मुलीला दाखवाच. थराची उंची रोज बदलते, म्हणून निघायच्या आधी माथ्याजवळचा एखादा वेबकॅम मिळतो का बघा. माथाही धुक्यातच असेल तर त्या दिवशी जंगलातली, ओढ्याकाठची वाट धरा, तिथे धुक्याने काही बिघडत नाही.

कड्यावरचा
आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता ते आधी, ट्रेक नंतर. सूर्यास्ताच्या दोन तास आधी खाली पोचता येईल असा हिशोब बसला नाही तर ती वाट मोठ्या दिवसांसाठी ठेवून द्या.