रॉकमधल्या शब्दांना दाद मिळते कुठे?

तिरपी_रेघ
२०१६ चं बॉब डिलनचं साहित्याचं नोबेल सोडलं, तर रॉकमधल्या कसदार गीतलेखनाची दखल घेणारं काही आहे का? ग्रॅमी या अमेरिकी संगीत पुरस्कारांतल्या 'साँग ऑफ द इयर'मध्ये चाल आणि शब्द एकत्रच तोलतात. आणि हीच गाणी कागदावर वाचली की निम्मी फुसकी का वाटतात?

ड्रॉप_डी
नोबेलच्या मानपत्रात 'रॉक' शब्दच नाही, अमेरिकी गीतपरंपरा आहे. फक्त शब्दांसाठी म्हणाल तर पेन न्यू इंग्लंड या अमेरिकी लेखक-संघटनेचा पुरस्कार. २०१२ मध्ये सुरू झाला, पहिले मानकरी चक बेरी आणि लेनर्ड कोहेन, दोघंही गायक-गीतकार. कोहेन अपेक्षितच होता, आदल्याच वर्षी स्पेनचा प्रिन्स ऑफ अस्तुरियस पुरस्कार मिळाला होता, तोही साहित्यासाठी. बेरीची निवड मला जास्त पटते. गाड्या, शाळा, ज्यूकबॉक्स यांवर इतकं नेमकं लिहिणं सोपं नाही. २०१६ ला टॉम वेट्स-कॅथलीन ब्रेनन आणि जॉन प्राइन.

मुखडा_अंतरा
गातात त्यांचं ठीक आहे हो. नुसतं लिहिणाऱ्यांचं काय? आपल्याकडे रेडिओवर भावगीत लागलं की कवीचं नाव सांगतात. तिकडे गायक एल्टन जॉन १९९४ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या मानाच्या यादीत गेला आणि त्याचे शब्द लिहिणारा बर्नी टॉपिन थेट २०२३ मध्ये! बरं, या जोडीत शब्द आधी येतात, चाल नंतर. अपवाद ग्रेटफुल डेड या बँडचा गीतकार रॉबर्ट हंटर: मंचावर नसूनही १९९४ मध्येच बँडबरोबर त्याला घेतलं.

ओव्हरड्राइव्ह
कागदाबद्दल. डिलनचं 'अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल' घ्या. ध्रुवपदात 'हार्ड' पाच वेळा येतो, छापलेलं वाचलं तर मुद्रणदोष वाटावा. गाताना तोच शब्द दाब वाढवत नेतो आणि 'रेन' आला की सुटतो. ढाचा 'लॉर्ड रँडल' या जुन्या बॅलडचा, म्हणजे कथागीताचा: आई विचारते, मुलगा सांगतो. गंमत उत्तरांच्या ओळींत आहे. पहिल्या कडव्यात पाच, मग सात, सात, सहा आणि शेवटच्यात जवळपास दुप्पट. चालीचा तोच तुकडा हव्या तितक्या वेळा फिरवायचा, आपल्या कीर्तनकाराला हे सांगावं लागणार नाही. म्हणून आधी ऐकताना ओळी मोजा, श्वास कुठे घेतलाय त्यावर खूण करा, मग कागद उघडा. उलट क्रमाने गेलात तर यमकंच दिसत राहतात.

तिरपी_रेघ
पटलं. पण शब्द कुणाचे हे शोधायचं कुठे? ॲपवर नुसती नावं दिसतात.

मुखडा_अंतरा
ॲपवर भरवसा नको, तिथे बहुतेक वेळा गीतकार-संगीतकार एकाच रांगेत असतात. अल्बमची पुस्तिका बघा, 'शब्द' आणि 'संगीत' वेगळे दिले असतील तर प्रश्न मिटला. 'जॉन/टॉपिन'सारखं जोडनाव असेल तर कोण काय करतो ते आधी माहीत हवं. बीटल्सच्या लेनन-मॅकार्टनीत तेही चालत नाही, दोघंही दोन्ही करायचे आणि एकट्याने लिहिलेल्या गाण्यावरही नावं दोघांची.