किंग जॉनने आख्खं इंग्लंड पोपच्या नावावर का करून दिलं?

अर्धवटराव: मॅग्ना कार्टा (राजाच्या अधिकारांना लगाम घालणारी सनद) 1215 एवढं परीक्षेपुरतं पाठ होतं, पण परवा कळलं की त्याच्या दोनच वर्षं आधी जॉनने इंग्लंड आणि आयर्लंड पोपला देऊन टाकलं आणि स्वतः त्याचा मांडलिक झाला, वर वर्षाला 1000 मार्क (तेव्हाचं पैशाचं माप) देणार. राजा असं का करेल? घाबरला का येडा होता?

जुनेपाने: भांडण कँटरबरीच्या गादीवरून, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधल्या सर्वात वरच्या पदावरून. 1205 ला आर्चबिशप ह्यूबर्ट वॉल्टर वारला, तिथल्या मठवाल्यांनी गुपचूप आपलाच माणूस निवडला, जॉनला हवा होता नॉर्विचचा बिशप, आणि पोप तिसऱ्या इनोसंटने दोघांनाही उडवून स्टीफन लँग्टनला बसवलं. जॉन त्याला देशात पाऊल ठेवू देईना. मग 1208 च्या मार्चमध्ये पोपने इंटरडिक्ट लावला, म्हणजे राजाला नाही, सगळ्या देशालाच वाळीत टाकलं. राजाचा नंबर 1209 मध्ये लागला.

चहाबाज: आणि यात मेली ती साधी माणसं. सहा वर्षं चर्चला कुलूप, घंटा बंद. तान्ह्या पोराचा बाप्तिस्मा आणि मरणाऱ्याचं कन्फेशन (पापांची कबुली) एवढंच चालू. सेंट ऑल्बन्सच्या मठातल्या एका भिक्षूने लिहून ठेवलंय की प्रेतं गावाबाहेर नेऊन रस्त्याकडेला, खड्ड्यात, प्रार्थनेशिवाय पुरायचे. जॉनचं मात्र मजेत चाललेलं, त्याने चर्चच्या जमिनी जप्त करून उत्पन्न खाल्लं. कहर म्हणजे पाद्र्यांना लग्नाची बंदी असताना त्यांनी घरात ठेवलेल्या बायका त्याने उचलून नेल्या आणि पैसे घेऊन परत केल्या :D पाद्री तक्रार तरी कुठल्या तोंडाने करणार!

अर्धवटराव: हाहा, बेरकी माणूस. पण एवढं मजेत होतं तर नमला कशाला?

जुनेपाने: कारण फ्रान्सचा राजा फिलिप चढाईची तयारी करून बसलेला आणि घरचे सरदारही उलटायला टेकलेले. मे 1213 ला डोव्हरजवळ जॉनने कागद करून दिला, इंग्लंडचे 700 आणि आयर्लंडचे 300 मार्क. माझ्या मते तो हरलाच नाही, स्वस्तात संरक्षण विकत घेतलं. आता इंग्लंडवर चाल म्हणजे पोपच्या मालमत्तेवर चाल. इंटरडिक्ट मात्र 1214 च्या जुलैपर्यंत उठला नाही, चर्चची भरपाई ठरेपर्यंत रखडला.

चहाबाज: स्वस्तात कसलं, इज्जत गेली ना. पण पुढची गंमत बघ, सरदारांनी मॅग्ना कार्टावर मोहोर उठवून घेतली तर त्याच पोपने ऑगस्ट 1215 मध्ये ती रद्द ठरवली, अडीच महिनेसुद्धा टिकली नाही. आणि ज्या लँग्टनसाठी एवढी सहा वर्षं देश वेठीला धरला तो बंडखोर सरदारांना वाळीत टाकायला तयार होईना, म्हणून त्यालाच पोपच्या माणसांनी सस्पेंड केलं.