केसगळती, चहा-कॉफी आणि खाणंपिणं: तुमचे अनुभव लिहा

केस गळायला लागले की पहिला सल्ला येतो, चहा-कॉफी बंद कर. दुसरा, बायोटिन (केसांसाठी म्हणून घेतलं जाणारं एक ब जीवनसत्त्व) सुरू कर. खरंच कुणाला कशाने फरक पडला, कशाने नाही, ते इथे सविस्तर लिहूया. एकच विनंती, कधी काय झालं तेही लिहा. केस २ ते ६ वर्षं वाढतो, मग वाढ थांबते आणि पुढे साधारण ३ महिने तो नुसता मुळाशी टिकून असतो, त्यानंतर गळतो. म्हणजे आज कंगव्यात आलेल्या पुंजक्याचं कारण बहुतेकदा दोन-तीन महिने मागे असतं, आणि आपण मात्र गेल्या आठवड्यात काय खाल्लं ते आठवत बसतो.

सुरुवात मीच करते. भांग रुंद होत चालला होता, शेपटा निम्म्यावर आलेला. हिमोग्लोबिन ठीकठाक होतं म्हणून कुणी पुढे बघितलंच नाही, शेवटी त्वचारोगाच्या डॉक्टरांनी फेरिटिन करायला सांगितलं तर ते ९ निघालं. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तो आटला तरी हिमोग्लोबिन बरेच दिवस तग धरून राहतं. डॉक्टरांनी विचारलं चहा कधी पिता, मी म्हटलं जेवण झालं की लगेच. चहा-कॉफीतले टॅनिनसारखे पदार्थ डाळी-पालेभाज्यांतल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते अंगी लागत नाही, यात कॅफिनचा काही संबंध नाही त्यामुळे डिकॅफ घेऊनही उपयोग नाही. चहा सोडला नाही, जेवणापासून तासभर लांब नेला, जेवणात लिंबू आणलं आणि लोहाच्या गोळ्या घेतल्या. काही महिन्यांनी भांगाच्या दोन्ही बाजूंना बोटाच्या पेराएवढे बारीक केस ताठ उभे दिसायला लागले, तेल लावलं तरी बसेनात. इतका आनंद झाला की काय सांगू!

----

माझी गोष्ट वेगळी आहे. लग्नाआधी वजन उतरवायचं म्हणून जेवण जवळजवळ बंद, भूक मारायला काळी कॉफी. वजन उतरलं, लग्न झालं, नीट जेवायला लागलो, प्रोटीन पावडर सुरू केली आणि नेमके तेव्हाच उशीवर, बाथरूमच्या जाळीवर सगळीकडे केस. घरचे म्हणाले ती पावडर फेक आधी. डॉक्टरांनी पन्नासेक केसांची बट चिमटीत धरून हळूच ओढली, बरेच हातात आले, आणि टोकाला पांढरा ठिपका दाखवून म्हणाले हे विश्रांतीत गेलेले केस, याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात, क्रॅश डाएटनंतर दोन-तीन महिन्यांनी होतं, मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण यानंतरही होतं. उपाशी शरीर आधी हृदय-मेंदू सांभाळतं, केसांचा नंबर शेवटचा. औषध काहीच दिलं नाही. वजनाच्या दर किलोमागे रोज निदान ०.८ ग्रॅम प्रोटीन पोटात गेलंच पाहिजे एवढं बजावलं. सहा-आठ महिन्यांत केस पूर्ववत झाले. पावडर तेव्हाही चालू होती!

----

कॅफिन शाम्पूबद्दल लिहितो कारण बरेच जण विचारतात. २००७ मध्ये जर्मनीत टक्कल पडणाऱ्या पुरुषांच्या केसांची मुळं काढून प्रयोगशाळेत वाढवली होती, टेस्टोस्टेरॉनने त्यांची वाढ मंदावली आणि कॅफिनने ती परत सुधारली. चांगलं काम आहे, पण ते काचेच्या भांड्यात. डोक्यावर शाम्पू दोन मिनिटं राहतो. २०१८ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने अशा एका शाम्पूचा केसगळती कमी होते हा दावा पुराव्याअभावी थांबवला. लावून ठेवायच्या ०.२ टक्के कॅफिन लोशनची मात्र ५ टक्के मिनॉक्सिडिलशी (टकलावर लावायचं नेहमीचं औषध) तुलना झाली आहे, २०१७ मध्ये, २१० पुरुषांवर, आणि निकाल जवळपास सारखे आले. पण त्यात कोण काय लावतंय हे सगळ्यांना माहीत होतं आणि नुसतं पाणी लावलेला गट नव्हता, म्हणून मला ते पुरेसं वाटत नाही. मी शाम्पू बरेच महिने वापरला, केस मोकळे छान वाटायचे, पण टाळूवरची विरळ जागा तशीच. माझं आनुवंशिक आहे, डीएचटी या टेस्टोस्टेरॉनपासून बनणाऱ्या संप्रेरकामुळे मूळच बारीक होत जातं. आता मिनॉक्सिडिल लावतो, विरळ होणं थांबलंय. कॉफी पूर्वीइतकीच पितो.

----

बायोटिनवाल्यांनी हे वाचाच!! गोळ्या चालू असताना थायरॉइड तपासला तर टीएसएच अगदी खाली, टी-फोर वर, म्हणजे थायरॉइड जास्त काम करतोय असा रिपोर्ट, आणि मला लक्षण एकही नाही. लॅबवाल्या मॅडमनी विचारलं बायोटिन घेता का. रोजची गरज ३० मायक्रोग्रॅम आणि माझी गोळी १०,००० ची, त्याने काही तपासण्यांचे आकडे चुकतात. काही दिवस बंद ठेवून परत केली, नॉर्मल. नाहीतर नसलेल्या आजाराचं औषध सुरू झालं असतं. खरी बायोटिन कमतरता फार कमी लोकांत असते, आणि सगळं-एकत्र गोळ्यांमध्ये व्हिटॅमिन ए आणि सेलेनियम जास्त झालं तर त्यानेच केस गळतात.

----

बाळ चार महिन्यांचं असताना मूठमूठ केस जायचे. सासूबाई, आई, शेजारच्या काकू सगळ्यांचं एकमत, कॉफी सोड. मी दिवसाला एकच कप घेत होते, तोच काय तो आधार. सोडली नाही. बाळ वर्षाचं व्हायच्या आत केस आपोआप भरले.

----

माझं फेरिटिन ११ आलंय, गोळ्या नुकत्याच सुरू केल्यात पण गळणं तसंच आहे, गोळी सकाळी दुधाच्या कॉफीबरोबर घेते. बदलू का काही?

----

हो, गोळी कॉफीबरोबर नको, दुधातलं कॅल्शियमही लोह अडवतं. पोटाला झेपत असेल तर रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घे, कॉफी नंतर तासा-दोन तासांनी. आत्ता गळतायत ते केस गोळी सुरू व्हायच्या आधीच विश्रांतीत गेलेले आहेत गं, त्यामुळे लगेच फरक नाही दिसणार. तीनेक महिन्यांनी फेरिटिन परत कर आणि आकडा इथे लिही, मनाने डोस वाढवू नकोस, जास्तीचं लोह शरीरात साठून राहतं.