लेकीला क्रोएशियन नाचाच्या ग्रुपमध्ये घालू का? (पिट्सबर्ग)

नाशिककर_आई:
चार महिन्यांपूर्वी आम्ही नाशिकहून पिट्सबर्गला आलो. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. तिची वर्गातली मैत्रीण दर रविवारी क्रोएशियन चर्चच्या हॉलमध्ये नाचायला जाते. परवा तिची आजी शाळेच्या दारात भेटली आणि म्हणाली, "हिलाही पाठवा, मुली कमी पडताहेत." लेक तेव्हापासून घरभर एक पाय उडवत फिरतेय.

सासूबाईंचं म्हणणं, शिकायचंच तर भरतनाट्यम् शिकू दे. मला वेगळीच काळजी आहे. आपण ख्रिश्चन नाही, क्रोएशियन तर नाहीच. तिथे मुलीला परकं वाटेल का? प्रार्थनेला बसावं लागतं का? पोशाख महाग असतो का? कुणाचा अनुभव असेल तर सांगा.

चिंचवडची_माई:
ताई, माझी धाकटी सात वर्षं अशाच एका ग्रुपमध्ये नाचली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पोशाखाचं. त्याला ते 'नोश्न्या' म्हणतात. आमच्याकडे तो विकत घ्यावा लागला नाही. पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या मंडळींच्या, तळघरात मोठ्या पेट्या होत्या, त्यातून मापाचा काढून देत आणि कार्यक्रम झाला की परत घेत. काही तुकडे कुणाच्या पणजीने बोटीतून आणलेले, म्हणून ते लहान मुलांच्या हातात देत नसत. सावा नदीकाठच्या गावांचा पोशाख पांढऱ्या कापडाचा, त्यावर लाल नक्षी आणि बारीक चुण्या. चुण्या मोडू नयेत म्हणून घागरा गुंडाळून, दोऱ्याने बांधून ठेवायचा. पहिल्या वर्षी मी तो हँगरला लावला. एका आजींनी काही न बोलता माझ्या हातातून घेतला आणि चूण चूण बसवत पुन्हा बांधला. मी शेजारी बसून शिकले.

नाच म्हणजे मुख्यतः 'कोलो', म्हणजे फेर. मुली शेजारणीचा हात धरत नाहीत, तिच्यापलीकडच्या मुलीचा धरतात, त्यामुळे हातांची वीण होते आणि एकीचं पाऊल चुकलं की सगळ्या फेराला कळतं. 'द्रमेश' नावाच्या नाचात पाऊल जेमतेम हलतं, पण गुडघ्यापासून खांद्यापर्यंत सगळं अंग थरथरतं. माझ्या लेकीला ते यायला दीड वर्ष लागलं. साथीला तंबुरित्सा असते, आपल्या तंबोऱ्याच्याच नात्यातला शब्द, पण वाद्यं वेगळी: धून वाजवणारा छोटासा प्रिम, मग ब्राच, ताल धरणारी बुगारिया आणि उभ्याने वाजवायची भलीमोठी बेर्दा. मुलं मोठी झाली की नाचाबरोबर त्यातलं एखादं वाद्यही शिकतात.

धर्माबद्दल सरळ सांगते. सरावाआधी छोटी प्रार्थना व्हायची, माझी मुलगी हात जोडून शांत उभी राहायची. कुणी कधी काही विचारलं नाही. पण 6 डिसेंबरला सेंट निकोलसचा सण आणि 15 ऑगस्टला मारियाचा सण असतो, तेव्हा मुलं नोश्न्या घालून मिसेला (चर्चमधल्या मुख्य प्रार्थनेला) आणि मिरवणुकीला जातात. त्यात ती जाणार की नाही हे घरी आधी ठरवा आणि शिक्षिकेला सांगून टाका. आयत्या वेळी मूल रांगेतून बाजूला काढलं तर त्यालाच वाईट वाटतं.

हा ग्रुप त्यांच्यासाठी काय आहे, हे कळायला मात्र पिट्सबर्गला लागून असलेल्या मिलव्हेलच्या टेकडीवरचं सेंट निकोलस चर्च एकदा बघा. आत माक्सो वान्का या चित्रकाराने 1937 आणि 1941 मध्ये भिंती रंगवल्या आहेत. एका भिंतीवर काळ्या कपड्यांतल्या बायका मेलेल्या मुलाभोवती बसल्या आहेत. हे क्रोएशियन लोक इथल्या पोलाद कारखान्यांत आणि खाणींत राबायला आले. 1894 मध्ये आजच्या पिट्सबर्गच्या हद्दीत त्यांची अमेरिकेतली पहिली पॅरिश उभी राहिली आणि त्याच वर्षी अपघातात सापडलेल्या कामगारांच्या घरांना पैसे देणारी त्यांची संस्थाही. आता चौथ्या पिढीतल्या बऱ्याच मुलांना भाषा येत नाही. गाण्यातले शब्द तेवढे येतात आणि 'बाका', म्हणजे आजी. फेरात उभं राहिलं की कुठलं पाऊल कुठल्या भागातलं, हे मात्र ती सांगू शकतात. म्हणून म्हणते, क्लास समजून पाठवू नका. सोडायला गेलात की तुम्हीही स्वयंपाकघरात जा. तिथे कोबीच्या पानांत खिमा-भात गुंडाळून 'सार्मा' करतात. अळूवडीचा हात असलेल्या बाईला ते पाच मिनिटांत जमतं.

मला त्यांच्यात जागा मिळाली ती वेण्यांमुळे. कार्यक्रमाच्या दिवशी बारा मुलींच्या घट्ट वेण्या घालायच्या आणि आया मेटाकुटीला आलेल्या. मी चार-पाच मुलींच्या घालून दिल्या. पुढच्या वेळी माझ्यासाठी खुर्ची आणि कंगवा मांडून ठेवलेला होता.

आणि 'नियेमो कोलो' चुकवू नका. हा क्रोएशियातल्या दाल्मेशियाच्या डोंगराळ भागातला मुका फेर, 2011 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. वाद्य नाही, गाणं नाही. फक्त पावलं आणि मुलींच्या छातीवरच्या नाण्यांचा आवाज. माझी आई साताऱ्याहून आली होती, तिने मोठ्या मुलांनी केलेला हा फेर पाहिला. इंग्रजी येत नाही तिला. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती पावलं मोजत होती. घरी आल्यावर म्हणाली, "आमच्या फुगडीला तरी कुठे बाजा लागायचा?"

वसईचा_हॅमिल्टनवासी:
माईंनी छान लिहिलंय. मी स्वतः वसईचा कॅथलिक, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो. आमच्या कुपारी, म्हणजे वसईतल्या ख्रिस्ती समाजातल्या, बायका लाल लुगडं नेसून चर्चच्या सणाला येतात, तेव्हा ते देवासाठी असतं तितकंच गावासाठीही असतं. इथे कॅनडात आमची माणसं विखुरलेली, लुगडी कपाटात. क्रोएशियन लोकांनी पॅरिशच्या हॉलमध्ये ते जपलंय, याचा मला हेवा वाटतो. बाहेरचं मूल मनापासून ते शिकतंय हे बघून त्यांच्या आज्यांना आनंदच होईल. सासूबाईंनाही घेऊन जा. भरतनाट्यम् शनिवारी करता येईल.

नाशिककर_आई:
माई, दोनदा वाचलं. सासूबाईंनाही वाचून दाखवलं. फुगडीचं ऐकून त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, रविवारी मीही येते. मैत्रिणीच्या आजीला फोन करून कळवलंय. मिरवणुकीचं लेकीशी बोलून ठरवू. एकच विचारायचं होतं: वेणीला रिबन कुठली लागते? माझ्याकडे शाळेची लाल सॅटिनची आहे.

चिंचवडची_माई:
सॅटिन नाचताना सुटते. सुती घ्या, बोटभर रुंद, आणि शेवटच्या तीन पेडांत गुंफूनच गाठ मारा. दोन जास्तीच्या न्या. एखादी मुलगी विसरून आलेली असतेच.