पावसात चोर्ला घाट रात्रीचा नकोच

रात्री ट्रॅफिक नसतं म्हणून बेळगाव-गोवा रस्त्यावरचा चोर्ला घाट रात्रीच उतरावा असं कुणीतरी लिहिलंय, ते मला अजिबात पटलं नाही बघा. जांबोटी सोडलं की कणकुंबीपर्यंत जंगलच, पाऊस धो धो, आणि अंधारात दरड दिसत नाही हो! मागं आम्ही दिवसा चाललेलो, तर कडेच्या झऱ्याचं पाणी एकदम लाल गढूळ झालं, बारीक खडी रस्त्यावर घरंगळायला लागली, मामा म्हणाले गाडी मागं घे, लगेच घेतली. दरड यायच्या आधीची खूण असते ती. आणि फरशी पुलावरून पाणी वाहत असलं तर गाडी घालूच नका, दोन फूट वाहत्या पाण्यात कारसुद्धा जाते. २०२१ च्या जुलैत दूधसागरजवळ दरडीमुळं रेल्वेगाडी रुळावरून घसरलेली, कार कुठं टिकणार. आम्ही आता उजाडल्यावरच निघतो.